राणीची गादी आणि सत्तावीस दिवसांचं आयुष्य: एका गांधीलमाशीचं प्रकरण

खिडकीच्या चौकटीला, वळचणीखाली किंवा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला कागदासारखं राखाडी पोळं लटकलेलं असतं. वर आवरण नाही, षट्कोनी घरं उघडी, आणि त्यांवर काही डझन काळपट-तांबूस माश्या. आपण त्यांना सरसकट गांधीलमाशी म्हणतो, झाडूच्या टोकाला पेटता बोळा बांधतो आणि विषय संपवतो. त्यांतल्याच एका जातीवर, रोपॅलिडिया मार्जिनाटावर, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत चार दशकांहून अधिक काळ काम झालं आहे. प्राण्यांच्या समाजजीवनाबद्दल एका कीटकाने इतके नेमके प्रश्न सोडवू दिले, अशी उदाहरणं जगात फार नाहीत. म्हणून हे प्रकरण.

पोळ्यातल्या एका घराचं रेशमी झाकण कुरतडून एक मादी बाहेर येते. तिला पंख आहेत, नांगी आहे, बीजकोश आहेत. त्याच पोळ्यावर बसलेल्या राणीत आणि तिच्यात आकाराचा किंवा बांध्याचा काहीही फरक नाही. मुंगीच्या वारुळात किंवा मधमाशीच्या मोहोळात कामकरी कोण आणि राणी कोण हे शरीरानेच ठरलेलं असतं. कामकरी मधमाशीने ठरवलं तरी ती राणी होऊ शकत नाही. इथे तसं नाही. ही मादी उद्या उडून जाऊ शकते, लाकडाचा भुसा चावून नवं पोळं सुरू करू शकते, स्वतःची अंडी घालू शकते. काही जणी तसं करतातही. पण बहुतेक जणी राहतात, दुसरीच्या अळ्यांना भरवतात, भिंती जाड करतात आणि एकही अपत्य न होता मरतात.

नैसर्गिक निवडीने हे चालू कसं दिलं? जी स्वतःची पिल्लं वाढवत नाही तिचे गुण पुढच्या पिढीत जाणार कसे? डार्विनला १८५९ मध्येच ही अडचण दिसली होती आणि वांझ कीटकांचा प्रश्न आपल्या सिद्धांताला घातक ठरू शकतो असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं. मधमाशीच्या बाबतीत मात्र आपण तो प्रश्न लाखो वर्षं उशिरा विचारतो आहोत, तिथला निर्णय केव्हाच होऊन गेला आहे. रोपॅलिडियात तो रोज, प्रत्येक मादीपुरता, नव्याने होतो. हे या जातीचं खरं मोल.

या कामाला एक मराठी धागा आहे. या जातीतल्या माद्यांमध्ये कामाची विभागणी कशी होते यावर माधव गाडगीळ आणि अनिल महाबळ यांचं छोटं टिपण १९७४ साली ‘करंट सायन्स’मध्ये आलं. त्याच्या चार वर्षं आधी, १९७० मध्ये, गाडगीळांनी हार्वर्डमध्ये विल्यम बॉसर्ट यांच्याबरोबर एक शोधनिबंध लिहिला होता. जिवाने आपली शक्ती प्रजननावर कधी आणि किती खर्च करावी, सगळी एकदाच उधळावी की थोडी थोडी, हे त्याच्या मृत्यूच्या वेळापत्रकावरून कसं ठरतं, त्याचं ते गणित होतं. जीवनक्रमाच्या अभ्यासात तो निबंध आजही पायाभूत मानला जातो. त्यात गांधीलमाशी नव्हती. तरी पुढे या माशीबद्दल जे कळलं त्याची किल्ली तिथेच होती, असं मला वाटतं. मृत्यू कधी येतो हे कळलं की समाज कसा बनेल याचा अर्धा अंदाज येतो.

गांधीलमाशीचं काम पुढे नेलं ते राघवेंद्र गदगकर यांनी. ते मूळचे रेण्वीय जीवशास्त्राचे विद्यार्थी. पीएचडी चालू असताना फावल्या वेळात पोळी बघायचा छंद लागला आणि छंदानेच पुढे करिअर गिळलं. साधनं साधी होती: माशीच्या पाठीवर रंगाचे ठिपके, एक वही, घड्याळ, आणि पोळ्यासमोर तासन्‌तास बसायची तयारी. मोठ्या गांधीलमाशा (व्हेस्पा ट्रॉपिका) या पोळ्यांवर धाड घालतात आणि अळ्या-कोष ओरबाडून नेतात. अभ्यास अर्ध्यावर बुडू नये म्हणून संस्थेत जाळीचा मोठा पिंजरा बांधला गेला. जाळीची भोकं अशी मापून घेतली की रोपॅलिडिया आरपार जाईल आणि व्हेस्पा अडकेल. आतल्या पोळ्यांवरच्या माश्या बाहेर जाऊन शिकार आणतात, शत्रूला मात्र दार बंद.

रक्ताचं नातं: पहिला संशयित

१९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टनने या कोड्याला उत्तर दिलं होतं. आपले गुण फक्त आपल्या पोटच्या पिल्लांतून पुढे जात नाहीत, नातलगांतूनही जातात. म्हणून परोपकार टिकेल की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: ज्याला मदत करायची त्याच्याशी नातं किती जवळचं, त्याला फायदा किती, आणि मदत करणाऱ्याला पडणारी किंमत किती. फायद्याला नात्याने गुणायचं, तो आकडा किमतीपेक्षा मोठा आला की परोपकार टिकतो.

मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्यात एक गंमत आहे. नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्यामुळे त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो आणि तो आपल्या सगळ्या मुलींना जसाच्या तसा देतो. परिणामी एकाच आईबापाच्या दोन बहिणींमध्ये तीन-चतुर्थांश वारसा सारखा असतो. आई-मुलीत मात्र अर्धाच. म्हणजे मुलगी वाढवण्यापेक्षा बहीण वाढवणं जास्त फायद्याचं! हे इतकं देखणं उत्तर होतं की पुढची बरीच वर्षं पाठ्यपुस्तकं त्यावरच थांबली. नातं, फायदा, किंमत या तिघांपैकी नात्यालाच सगळा भाव मिळाला.

बंगळुरूच्या गटाने हे उत्तर मोजून पाहायचं ठरवलं. विकरांच्या वेगवेगळ्या रूपांवरून कोणती माशी कोणत्या बापाची हे शोधता येतं. १९८६ मध्ये निष्कर्ष आला: रोपॅलिडियाची राणी एकाहून जास्त नरांशी, साधारण एक ते तीन, समागम करते आणि सगळ्यांचं शुक्र मिसळून वापरते. म्हणजे पोळ्यातल्या अनेक बहिणी सावत्र. तीन-चतुर्थांशचं देखणं नातं उतरून सरासरी अर्ध्याच्या आसपास आलं. आई-मुलीएवढंच. विशेष फायदा संपला.

पुढचा धक्का याहून मोठा होता. या पोळ्यांवर राण्या बदलत राहतात. काही राण्या आठवड्याभरात गेल्या, काहींनी सात महिन्यांहून जास्त राज्य केलं. राणी बदलली तरी जुन्या राणीच्या मुली पोळ्यावरच असतात आणि नव्या राणीची अंडी वाढवू लागतात. नवी राणी कधी बहीण, कधी मावशी, कधी भाची. दोन-तीन राण्या उलटल्या की एखादी कामकरी जिला भरवते आहे ती अळी तिच्या आईच्या मावसबहिणीची नात वगैरे निघते. आपल्याकडे लग्नपत्रिकेच्या यादीतही हे नातं बसणार नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात ही घसरण नोंदवली गेली. पोळ्यातल्या माद्यांमधलं सरासरी नातं अर्ध्याच्याही खाली, काही ठिकाणी पाव भागाच्या जवळ.

कुणी म्हणेल, माशी सख्खी बहीण ओळखत असेल आणि तिलाच निवडून भरवत असेल. तेही तपासून झालं. या माश्या आपलं पोळं आणि परकं पोळं यांतला फरक वासावरून ओळखतात, पण तो वास त्यांना पोळ्यावर राहूनच लागतो. पोळ्याच्या आत सख्खी-सावत्र असा भेद करताना त्या दिसल्या नाहीत. शिवाय परक्या पोळ्यावरची अगदी कोवळी मादी त्या सामावूनही घेतात, आणि ती तिथे कामाला लागते. इतकी ढिली नातेसंबंधांची व्यवस्था रक्ताच्या ओढीवर उभी आहे, असं म्हणणं अवघड आहे.

मृत्यूचं वेळापत्रक

इथे बरेच जण म्हणाले, मग हॅमिल्टन चुकला. मला ते घाईचं वाटतं. सूत्रात तीन अक्षरं आहेत आणि सगळ्यांनी एकाचाच पिच्छा पुरवला होता. गदगकरांनी १९९० मध्ये उरलेल्या दोहोंकडे लक्ष वळवलं.

अंडं घातल्यापासून प्रौढ माशी बाहेर येईपर्यंत या जातीत सुमारे ६२ दिवस लागतात. कामकरी मादीचं पोळ्यावरचं सरासरी आयुष्य सुमारे २७ दिवसांचं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एकटीने संसार थाटणं किती धोक्याचं आहे ते लख्ख दिसतं. या अळ्यांना रोज शिकार चावून भरवावी लागते. आई मेली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सगळं खलास. पन्नास दिवस राबून एकावन्नाव्या दिवशी एखाद्या पक्ष्याने टिपलं तर पदरात शून्य. बासष्टपैकी पन्नास दिवस झाले म्हणून ऐंशी टक्के मिळत नाहीत.

पोळ्यावर राहणाऱ्या कामकरीचं तसं होत नाही. एकत्र कुटुंबात एखादी बाई अकाली गेली तरी तिची मुलं जावा-नणंदांच्या हाताखाली मोठी होतात, तसं हे आहे. कामकरीने दहा दिवस अळ्या भरवल्या आणि ती गेली, तर उरलेले दिवस दुसऱ्या कुणी भरतात. तिचे दहा दिवस वाया जात नाहीत. याला खात्रीचा परतावा म्हणता येईल.

आकडे घालून बघू. हे ढोबळ गणित माझं आहे, मूळ निबंधातलं मॉडेल याहून बारीक आहे. रोज मरण्याची शक्यता सारखीच आहे आणि सरासरी आयुष्य २७ दिवस आहे असं धरलं, तर सलग ६२ दिवस जगायची शक्यता साधारण १० टक्के येते. म्हणजे एकट्या निघालेल्या दहा माद्यांपैकी एकीलाच पहिलं अपत्य प्रौढ झालेलं बघायला मिळेल. कामकरी मात्र ६२ दिवसांच्या त्या कामापैकी सरासरी २४ दिवसांचा वाटा उचलून जाते, म्हणजे ३९ टक्के. आता नातं लावा. एकटीची पोटची मुलगी, नातं अर्धं: १० टक्क्यांचं अर्धं, ५. कामकरीने भरवलेली लांबची अळी, नातं फक्त पाव: ३९ टक्क्यांचा पाव, जवळजवळ १०. नातं निम्म्यावर आणूनही राहणारी मादी दुपटीने पुढे.

बरोबरी कुठे होते? नातं एक-अष्टमांशावर उतरल्यावर, म्हणजे जवळपास चुलत भावंडांइतकं. तोवर राहणं परवडतं. नात्याला शून्य किंमत नाही, ते लागतंच. पण ओझं ते वाहत नाही, मृत्युदर वाहतो. हीच माशी सरासरी शंभर दिवस जगली असती तर एकटीने ६२ दिवस पार करायची शक्यता अर्ध्याहून जास्त झाली असती आणि हा सगळा हिशेब उलटला असता. समाज टिकण्याचं कारण आयुष्य तोकडं असण्यात आहे, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात अनपेक्षित वळण वाटतं. जीवनक्रम आणि समाजजीवन हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात, इथे ते एकाच गणिताच्या दोन ओळी आहेत.

माशी असला हिशेब करत बसत नाही, हे वेगळं सांगायला नको. ज्या माद्यांच्या अंगात ‘रहा’ ही प्रवृत्ती थोडी जास्त होती, त्यांच्या नातलगांची संख्या थोडी जास्त वाढत गेली, एवढंच.

सगळ्याच का राहत नाहीत?

सगळ्यांनाच राहणं फायद्याचं असेल तर काही जणी उडून का जातात? याचं उत्तर पोळ्यावर नाही, प्लास्टिकच्या बरण्यांत सापडलं. कोषातून नुकतीच बाहेर आलेली प्रत्येक मादी वेगळ्या बरणीत ठेवली. बरणीत हवेची सोय, मऊ लाकडाचा तुकडा, मध, पाणी आणि खाण्यासाठी तांदळात पडणाऱ्या पतंगाच्या अळ्या. राणी नाही, बहिणी नाहीत, कुणाची सत्ता नाही. आता तरी प्रत्येकीने पोळं बांधून अंडी घालायला हवी होती. जवळपास निम्म्याच माद्यांनी घातली. उरलेल्या सगळी सोय असूनही अंडं न घालताच मेल्या.

म्हणजे शरीराने सारख्या दिसणाऱ्या माद्या आतून सारख्या नव्हत्या. फरक कुठून आला ते शोधल्यावर धागा अळीपणापर्यंत गेला. ज्यांना अळी असताना जास्त खाऊ मिळाला त्या पुढे अंडी घालणाऱ्या निघाल्या. आणखी एक खूण होती: ज्या पोळ्यांत रिकामी घरं जास्त होती, म्हणजे जिथली राणी अंडी घालण्यात मागे पडत होती, तिथून आलेल्या माद्या अंडी घालण्याची शक्यता जास्त.

इथे हॅमिल्टनचं तिसरं अक्षर, म्हणजे किंमत, हलतं. अंडी घालायची कुवतच जिच्यात तोकडी आहे, तिला पोळ्यावर राहण्याची किंमत जवळजवळ काहीच पडत नाही. सोडायचं काय, जे मुळात हातात नाही? मग कुणाला किती भरवायचं हे ठरवणाऱ्या मोठ्या माश्या अळीचं भवितव्यच लिहीत असतील का? आईबाप आपल्या काही मुलांना मदतनीस म्हणून घडवतात, अशी मांडणी रिचर्ड अलेक्झांडरने १९७४ मध्ये केली होती. ती फार कठोर म्हणून बाजूला पडली. या बरण्यांनी तिला थोडा आधार दिला. थोडाच. कारण उपाशी ठेवणं हा डाव आहे की कमी शिकार मिळाल्याचा परिणाम, हे बरणी सांगत नाही.

गदगकरांनी पुढे हे सगळं एकाच मॉडेलमध्ये बसवलं: नातं, मृत्युदर, अंडी घालण्याच्या कुवतीतला फरक. त्यातून भाकीत आलं की सुमारे ९५ टक्के माद्यांनी कामकरी व्हावं आणि सुमारे ५ टक्क्यांनी एकटीने नशीब काढावं. निसर्गातलं प्रमाण याच्या जवळपास आहे. मॉडेलात घातलेले आकडे त्याच जातीचे आहेत म्हटल्यावर या जुळणीने फार हुरळून जायचं कारण नाही, पण दिशा चुकलेली नाही एवढं नक्की.

मवाळ राणी

आता सत्तेचा प्रश्न. युरोपातल्या कागदी गांधीलमाश्यांवर, पोलिस्टिसवर, इटलीच्या लिओ पार्दीने १९४०च्या दशकात दाखवून दिलं होतं की तिथे दंडेली चालते. जी सगळ्यांना चावते, दाबते, ती राणी. रोपॅलिडियातही तसंच असणार असं सगळ्यांनी धरलं होतं.

१९८३ मध्ये गदगकर आणि जोशी यांनी कोणती माशी किती वेळ काय करते याची बारीक मोजणी छापली. माद्यांचे तीन गट पडले: बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या, आणि शिकारीला जाणाऱ्या. राणी कुठल्या गटात? भांडणाऱ्यांत नाही. ती बसून राहणाऱ्यांत निघाली. ना ती कुणाला दटावते, ना कामाला जुंपते. पोळ्यावर तिच्यापेक्षा आक्रमक माश्या बऱ्याच असतात, तरी अंडी तीच घालते आणि बाकीच्या घालत नाहीत.

तिची सत्ता वासात आहे. पोटाच्या टोकाजवळच्या ड्यूफूर ग्रंथीतून येणारा स्राव ती पोट घासत पोळ्यावर लावत फिरते. तो हवेत फारसा उडत नाही, त्यामुळे कामकऱ्यांना तो पोळ्याच्या पृष्ठभागावरूनच कळतो. तो पुसट झाला की राणी नाही हे त्यांना साधारण अर्ध्या तासात समजतं. मला तरी यात धाक दिसत नाही, हजेरी दिसते: अंडी घालणारी मी इथे आहे, तुम्ही आपापलं काम चालू ठेवा. राहणं सगळ्यांनाच परवडत असेल तर दंडेलीचा खर्च कशाला करायचा?

राणीला पोळ्यावरून उचललं की काही मिनिटांत एक कामकरी पिसाळते. तिची आक्रमकता कित्येक पटींनी वाढते, दिसेल तिच्या अंगावर जाते. राणी परत ठेवली की ती पुन्हा गरीब गाय. राणी परत आलीच नाही तर आठवड्याभरात हिच्या बीजकोशांत अंडी तयार होतात, ती पहिलं अंडं घालते आणि मग हळूहळू तीही मवाळ होते. त्या पिसाळण्याचा उपयोग इतरांना नमवण्यापेक्षा स्वतःच्या बीजकोशांना चालना देण्यासाठी असावा, असं पुढच्या प्रयोगांवरून वाटतं. कारण नमवायला कुणी उभंच राहत नाही. एकही मादी तिला आव्हान देत नाही.

ही वारस आधी ओळखता येते का? वय, आकार, आक्रमकता, बीजकोश, काहीच धड जुळत नाही. वयाचा थोडा कल दिसतो, तोही भरवशाचा नाही. संशोधकांना वारस कळत नाही. मग माश्यांना कळतो का?

त्यासाठी २००८ मध्ये अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांनी केलेला प्रयोग मला या सगळ्या कामातला सर्वांत हुशार वाटतो. पोळं मधोमध कापून दोन तुकडे केले, मध्ये जाळी लावली, माश्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन्हीकडे वाटल्या. राणी डावीकडे. वास जाळी ओलांडत नसल्याने उजवीकडच्या माश्या स्वतःला राणीविना समजू लागल्या आणि त्यांच्यातली एक पिसाळली. दुसऱ्या दिवशी तिची आणि राणीची अदलाबदल: राणी उजवीकडे, पिसाळलेली डावीकडे. खरी वारस हीच असेल तर डावीकडच्या माश्या तिला मुकाट मान्य करतील. खरी वारस पहिल्यापासून डावीकडेच असेल, तर काल राणी सोबत होती म्हणून ती गप्प होती, आता ती उठेल आणि कालची वारस गपचूप कामाला लागेल.

या दोन शक्यतांखेरीज तिसरं काहीही घडलं नाही. एक तर पहिली दोन्हीकडे मान्य झाली, नाहीतर दुसरी उठली आणि तिलाही दोन्हीकडे मान्यता मिळाली. मारामारी नाही, तिसरी दावेदार नाही. म्हणजे वारस आधीच ठरलेली असते आणि माश्यांना ती माहीत असते. पुढे २०१२ मध्ये गटातल्याच दुसऱ्या अभ्यासात राणीपाठोपाठ वारस, तिच्यानंतरची वारस, असं एकेकीला काढत गेल्यावर पाचव्या क्रमांकापर्यंत अख्खी रांग निघाली, तीही बिनभांडणाची.

रांगेचं कोडं आयुष्याच्या गणितात बसतं. जिथे सरासरी २७ दिवस जगायचं आहे आणि राण्याही बदलत राहतात, तिथे पाचव्या नंबरवर असणंसुद्धा अगदी निरर्थक नाही. समोरच्या चौघी मरायला फार वेळ लागत नाही. तोवर भरवलेल्या अळ्यांचा परतावा चालूच आहे. भांडण करून पंख फाटले तर दोन्ही गेलं.

यात हवामानाचाही हात आहे. थंड प्रदेशांत हिवाळा सगळी पोळी संपवतो, राणी होण्याची संधी वसंतात एकदाच येते, म्हणून तिथे वसंतातच हाणामारी होते. दक्षिण भारतात पोळं वर्षभर चालू राहू शकतं, कुठल्याही महिन्यात कुणीही सोडून जाऊ शकतं, कुठल्याही महिन्यात गादी रिकामी होऊ शकते. दार कायम उघडं असलेल्या घरात सत्ता गाजवायला मर्यादा येतात.

नरांबद्दल थोडक्यात. ते जन्मल्यावर आठवडाभर पोळ्यावर आयतं खातात आणि निघून जातात, परत येत नाहीत. काम करत नाहीत म्हणजे येत नसेल, असा समज होता. प्रयोगशाळेत माद्या बाजूला काढून नरांना पोटाहून जास्त खाऊ भरवला, तेव्हा त्यांनी अळ्यांना भरवलं. येतं सगळं, वेळ येत नाही.

या सगळ्या मांडणीत मला एक जागा कच्ची वाटते. रंगाचा ठिपका असलेली माशी एके दिवशी पोळ्यावर दिसली नाही की ती यादीतून जाते. ती मेली, की दोन गल्ल्या पलीकडे स्वतःचं पोळं घालून बसली, हे पोळ्यासमोर बसलेल्या माणसाला कळत नाही. निघून जाणाऱ्या जितक्या जास्त, तितके ते २७ दिवस खऱ्या आयुष्यापेक्षा कमी. मघाचं गणित ४० दिवस धरून पुन्हा केलं तर एकटीची शक्यता १० वरून २१ टक्क्यांवर जाते, कामकरीचा वाटा ५१ टक्क्यांवर, आणि दुपटीचा फायदा जेमतेम सव्वापटीवर येतो. राहणं अजूनही पुढे, पण बरोबरीचं नातं आता एक-पंचमांशाच्या आसपास, म्हणजे पावाला अगदी चिकटून. जाळीच्या पिंजऱ्याबाहेर, उघड्यावर, शेजारपाजारची सगळी नवी पोळी रोज तपासून हरवलेले ठिपके शोधणं हाच त्यावरचा इलाज, आणि त्याला यंत्रापेक्षा माणसं जास्त लागतील.